दोन अग्निदिव्ये आणि एक वाटणी

ब्रसेल्सच्या मध्यवर्ती स्थानकाचे फलाट जमिनीखाली आहेत. तेथे गाडीची वाट पाहत उभे असता आमच्या दहा वर्षांच्या नातवाने आम्हांला कोडे घातले. "आजोबा, आज आपण ल्यूव्हेनला चाललो आहोत की लूवँला?" आम्ही चिरंजीवांकडे पाहिले. ते हसून म्हणाले, "गाव एकच. डच बोलणारे त्याला ल्यूव्हेन म्हणतात, फ्रेंच बोलणारे लूवँ. पण या देशात असला प्रश्न हसण्यावारी नेत नाहीत. याच गावावरून येथे एक मंत्रिमंडळ कोसळलेले आहे."

गाडी सुटली. ब्रसेल्सच्या हद्दीत स्थानकांवरील फलक दोन्ही भाषांत असतात व गाडीतील सूचनाही दोन्ही भाषांत दिल्या जातात. शहर मागे पडले, शेते दिसू लागली, आणि मध्येच केव्हा तरी फ्रेंच भाषा गाडीतून उतरून गेली. तिला उतरताना आम्ही पाहिले नाही. पुढची सूचना एकट्या डचमध्ये झाली तेव्हा ती गेल्याचे ध्यानात आले. सीमेवर ना चौकी होती, ना कुंपण.

ल्यूव्हेन पाहण्याचा हट्ट आमचा. सूनबाईंनी कालव्यांचे ब्रूज सुचविले होते, आमच्या सौ.ना अँटवर्पला जाऊन रूबेन्सची चित्रे पाहावयाची होती. परंतु आम्हांला ल्यूव्हेनचे ग्रंथालयच पाहावयाचे होते, आणि त्याचे कारण वाचकांस सांगितले पाहिजे. आमच्या घराण्याला हिंदी मुलखात येऊन तीन पिढ्या झाल्या. तेथील मराठी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात आमची वीसएक वर्षे गेली. या प्रवासाला निघण्यापूर्वीच्या सभेत एक ठराव आला होता: मराठी वाचक घटत चालले आहेत, तेव्हा यापुढे निम्मी खरेदी हिंदी पुस्तकांची करावी, म्हणजे शेजारपाजारची मुलेही वाचनालयात येतील. आम्ही ठरावाविरुद्ध बोललो, आणि बरेच कडक बोललो. वडिलांनी लावलेल्या तुळशीवृंदावनात दुसरे रोप लावावयाचे नसते, असे काहीसे आमच्या तोंडून निघून गेले. निर्णय न होताच सभा उठली. तो वाद डोक्यात घेऊनच आम्ही विमानात बसलो होतो. भाषेच्या वादात सापडलेले जगातील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथालय अर्ध्या तासाच्या अंतरावर असताना कालवे पाहत हिंडणे आम्हांला जमण्यासारखे नव्हते.

ल्यूव्हेन हे ब्राबांतच्या ड्यूकांचे जुने गाव. कापडाच्या व्यापाराने ते वाढले, आणि तो व्यापार ओसरू लागला तेव्हा त्याने विद्येची कास धरली. १४२५ साली ड्यूक चौथा जॉन व नगरवासी यांच्या विनंतीवरून पोप पाचवा मार्टिन याने येथे विद्यापीठ स्थापन करण्याची सनद दिली. चौदाव्या शतकात बांधलेल्या कापडकोठीत पुढे विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. जेथे लोकरी कापड वारावर मोजले जात होते, तेथे तर्क आणि व्याकरण शिकविले जाऊ लागले. टॉमस मोर याचे 'युटोपिया' प्रथम छापले गेले ते येथेच, १५१६ साली, दिर्क मार्टेन्सच्या छापखान्यात. भूगोलाचा नकाशा ज्याच्या नावाने आजही ओळखला जातो तो मर्केटर आणि मानवी शरीररचनेचा आद्य शास्त्रज्ञ व्हेसेलियस हे दोघे येथले विद्यार्थी. इरॅस्मस काही वर्षे येथे राहिला, आणि त्याच्या प्रेरणेने १५१७ साली येथे त्रैभाषिक महाविद्यालय उभे राहिले: लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांसाठी एक छप्पर. पुढे याच गावात दोन भाषांना एक छप्पर पुरेनासे झाले, हे ध्यानात ठेवूनच वाचकांनी आमच्याबरोबर स्थानकाबाहेर यावे.

बाहेर येताच एक प्रशस्त चौक लागतो व त्यात एक स्मारक उभे आहे. नातू डच माध्यमाच्या शाळेत शिकतो. त्याने चौकाचे नाव वाचले आणि थोडा विचार करून मराठीत सांगितले, "आजोबा, हा हुतात्म्यांचा चौक." सौ.नी व आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुंबईच्या हुतात्मा चौकातून आम्ही कितीदा गेलो असू! तेथील हुतात्मे मराठी भाषेच्या राज्यासाठी पडले. येथले हुतात्मे कोणत्याही भाषेसाठी पडले नव्हते. ते आपापल्या घरात होते, एवढाच त्यांचा अपराध.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य तटस्थ बेल्जममध्ये घुसले आणि १९ तारखेस ल्यूव्हेनमध्ये येऊन उतरले. पहिले काही दिवस शांततेत गेले. २५ तारखेस अँटवर्पच्या बाजूने बेल्जमच्या फौजेने चढाई केली. संध्याकाळी गावात धावपळ उडाली, अंधारात गोळ्या सुटल्या. नागरिकांनी लपून गोळीबार केला असा जर्मनांनी आरोप केला. पुढील संशोधनात त्यास आधार मिळाला नाही; घाबरलेल्या जर्मन तुकड्यांनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या असाव्यात, असे इतिहासकार मानतात. परंतु शिक्षा व्हावयाची ती गावाला झाली. पुढील काही दिवसांत २४८ नागरिक मारले गेले, हजाराहून अधिक घरे जळाली आणि सुमारे १,५०० माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, आगगाडीत कोंबून जर्मनीस नेण्यात आली. ज्या स्थानकावर आम्ही हसतखेळत उतरलो, त्याच स्थानकावरून.

स्थानकापासून गावाच्या मध्यापर्यंत एक सरळ रस्ता जातो. त्याच्या दुतर्फा असलेली अनेक घरे जुन्या घाटाची दिसतात, पण ती १९१४ नंतर पुन्हा बांधलेली आहेत. त्यांच्या भिंतींत एक लहानसा दगड बसविलेला दिसतो. त्यावर तलवार, पेटलेली मशाल आणि १९१४ हा आकडा कोरलेला आहे. नातवाने ते दगड मोजावयास सुरुवात केली आणि थोड्याच वेळात मोजणे सोडून दिले.

रस्त्याच्या शेवटी सेंट पीटरचे देऊळ आणि त्याच्यासमोर नगरभवन. पंधराव्या शतकातील ही वास्तू दगडाची आहे हे पटण्यासाठी तिला हात लावून पाहावा लागतो. दुरून ती हस्तिदंती करंड्यासारखी दिसते. तिच्या कोनाड्यांतून दोनशेहून अधिक पुतळे उभे आहेत. १९१४ च्या आगीतून ती वाचली. देवळाचे छप्पर मात्र जळाले. पण देवळातील दिर्क बाउट्स याने १४६४ ते १४६८ या काळात रंगविलेले ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे चित्र सुरक्षित राहिले. त्याचे बाजूचे फलक फार पूर्वीच विकले जाऊन बर्लिन आणि म्युनिक येथे पोहोचले होते. ते युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने परत आले. आम्ही त्या चित्रापुढे बराच वेळ उभे होतो. भोजनाचा प्रसंग आहे, पण चेहऱ्यांवर भूक नाही. पुढे काय होणार हे जणू सर्वांना ठाऊक आहे.

तेथून दोन पावलांवर ती जुनी कापडकोठी. विद्यापीठाचे ग्रंथालय तेव्हा येथे होते. २५ ऑगस्टच्या रात्री तिला आग लावण्यात आली. सुमारे तीन लाख ग्रंथ, शेकडो हस्तलिखिते आणि १५०१ पूर्वीची, म्हणजे युरोपातील छपाईच्या बाल्यावस्थेतील, शेकडो मुद्रिते जळून गेली. आम्ही आयुष्यात पुस्तके वाळवीने खाल्लेली पाहिली आहेत, पुराच्या पाण्यात फुगलेली पाहिली आहेत. वाळवीला आणि पाण्याला अक्षर कळत नाही, म्हणून त्यांच्यावर राग धरता येत नाही. ही आग लावणारे सैन्य ग्यॉटे आणि कांट यांच्या देशातून आलेले होते. म्हणूनच तिच्या बातमीने सारे जग हादरले.

त्या हादऱ्यातून जे घडले ते मात्र स्मरणीय आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाने युद्ध चालू असतानाच ल्यूव्हेनसाठी पुस्तके गोळा करण्यास आरंभ केला. जपाननेही ग्रंथ पाठविले. व्हर्सायच्या तहात एक स्वतंत्र कलम, २४७ वे, घालण्यात आले: जळालेल्या ग्रंथांइतकेच आणि त्या मोलाचे ग्रंथ जर्मनीने ल्यूव्हेनला द्यावेत. तहनाम्यात मुलुख, खंडणी आणि आरमार यांच्या जोडीला पुस्तकांची भरपाई आल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. अमेरिकेत वर्गणी जमविण्यात आली, व जुन्या गर्दीतून बाहेर एका मोकळ्या चौकात नवी इमारत उभी राहिली. व्हिटनी वॉरेन या अमेरिकी वास्तुशिल्पज्ञाने तिची रचना केली, आणि ४ जुलै १९२८ रोजी तिचे उद्घाटन झाले.

त्या चौकाकडे जाताना वाटेत एक गमतीचे कारंजे लागते. हातात पुस्तक धरून वाचणारा एक विद्यार्थी दुसऱ्या हाताने आपल्या डोक्यात पाणी ओतीत आहे. विद्यापीठाने आपल्या ५५० व्या वर्षी, १९७५ साली, तो गावाला भेट दिला. नातवाला तो एवढा आवडला की सूनबाईंना त्याला ओढूनच पुढे न्यावे लागले.

ग्रंथालयाची इमारत फ्लेमिश थाटाची, उंच मनोऱ्याची आहे. मनोऱ्यात घंटांचा साज आहे. मूळच्या घंटा ४८, कारण तेव्हा अमेरिकेची राज्ये ४८ होती. महायुद्धात पडलेल्या अमेरिकी अभियंत्यांच्या स्मरणार्थ त्या देण्यात आल्या. जवळ जाऊन पाहावे तो भिंतींच्या दगडांवर वर्गणी देणाऱ्या अमेरिकी शाळा आणि महाविद्यालयांची नावे कोरलेली. आमच्या वाचनालयाच्या जिन्यातही देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे, आणि त्यातील पाच रुपयांची नावेही आम्ही पुसू दिलेली नाहीत. त्यामुळे त्या भिंतीपुढे परके वाटले नाही.

या इमारतीच्या कठड्यावर काय कोरावे यावरूनही वाद झाला होता. ट्यूटनांच्या क्रोधाने नष्ट झालेले हे ग्रंथालय अमेरिकेच्या देणगीने पुन्हा उभे राहिले, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य वॉरेनला हवे होते. विद्यापीठाचे प्रमुख लादझ यांनी त्यास नकार दिला. विद्येच्या मंदिरावर वैराची पाटी नको, असा त्यांचा विचार. वाक्य कोरले गेले नाही, आणि आज तो चौक लादझ यांच्याच नावाने ओळखला जातो. एवढे करूनही १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य पुन्हा आले, १६ तारखेच्या रात्री तोफांच्या माऱ्यात ग्रंथालय पुन्हा पेटले, आणि या वेळी सुमारे नऊ लाख ग्रंथ जळाले. युद्ध संपल्यावर ल्यूव्हेनने तिसऱ्यांदा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली.

चिरंजीव व नातू मनोऱ्याच्या पायऱ्या चढावयास गेले. आमचे गुडघे त्या कामाचे नव्हते, म्हणून आम्ही चौकातील बाकावर बसलो आणि ज्या गोष्टीसाठी आलो होतो तिचा विचार करू लागलो. परक्याने लावलेल्या दोन आगींनंतर या ग्रंथालयावर जे तिसरे संकट आले, ते घरचे होते.

१८३० साली बेल्जम स्वतंत्र झाले तेव्हा राज्यकारभार, न्यायालय, सैन्य आणि उच्च शिक्षण या सर्वांची भाषा फ्रेंच ठरली. देशात डच बोलणाऱ्या फ्लेमिश लोकांची संख्या अधिक. परंतु त्यांची भाषा शेतात आणि स्वयंपाकघरात बोलावयाची, असे मानले जाई. १८६० साली कुके आणि गूथाल्स या दोघा फ्लेमिश माणसांना खुनाच्या आरोपावरून देहदंड झाला. खटला फ्रेंचमध्ये चालला होता. ते निरपराध होते आणि आपल्यावर काय आरोप आहे हेही त्यांना नीट कळले नाही, ही भावना फ्लेमिश जनतेच्या मनात घर करून राहिली. डच भाषेला कायद्यात समान स्थान मिळण्यास १८९८ साल उजाडले, आणि संपूर्ण शिक्षण डचमध्ये देणारे पहिले विद्यापीठ, गेंटचे, १९३० साली झाले. हा इतिहास ठाऊक असल्यावाचून पुढच्या घटनेविषयी मत देणे अन्यायाचे होईल. ज्याची भाषा शंभर वर्षे दारात उभी केली गेली, त्याने आवाज चढविला तर त्याच्या आवाजाला नावे ठेवणे सोपे असते.

१९६२-६३ च्या कायद्यांनी देशात भाषांची सीमा निश्चित झाली. ल्यूव्हेन फ्लेमिश प्रदेशात आले; पण तेथील विद्यापीठाची एक शाखा डच, तर दुसरी फ्रेंच. ब्रसेल्स हे एके काळचे फ्लेमिश शहर पाहता पाहता फ्रेंच झाले होते. फ्रेंच शाखेच्या मागोमाग ल्यूव्हेनचेही तेच होईल, ही फ्लेमिश लोकांची भीती. १९६६ च्या मे महिन्यात बिशपांनी विद्यापीठ अखंड राहील असे जाहीर केले, आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. 'वालूनांनो, चालते व्हा' ही घोषणा ज्या भिंतींवर घुमली, त्या आम्ही सकाळपासून पाहत होतो. १९६८ च्या जानेवारीत आंदोलन पेटले आणि फेब्रुवारीत पंतप्रधान व्हांडेन बोयनांट्स यांचे सरकार कोसळले. १९७० साली एका विद्यापीठाची दोन झाली. फ्रेंच विद्यापीठासाठी भाषेच्या सीमेपलीकडे, सुमारे २५ किलोमीटरवर, एक नवे गावच वसविण्यात आले. त्याचे नाव लूवँ-ला-नव्ह, म्हणजे नवे लूवँ. फ्रेंचमधील 'नव्ह' आणि आमचे 'नव' हे एकाच कुळातील शब्द.

घर वेगळे झाले, आता भांड्यांची वाटणी. ग्रंथालयातील ज्या पुस्तकांचा धनी कोण हे दुसऱ्या कोणत्याही न्यायाने ठरेना, त्यांचे क्रमांक पाहण्यात आले: सम क्रमांकांची पुस्तके एकाकडे, विषम क्रमांकांची दुसऱ्याकडे. फडताळात वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पुस्तकांतील एक येथे राहिले आणि दुसरे गाडीत बसले. दोनदा जळून जगाच्या दानातून पुन्हा उभा राहिलेला हा संग्रह अखेर एकी-बेकीच्या खेळाने वाटला गेला. या वाटणीला हसण्याचा अधिकार मात्र आम्हां भारतीयांना नाही. फाळणीच्या वेळी मोहेंजोदारोचा हार तोडून त्याचे मणी दोन देशांत वाटून घेतले गेले आहेत.

पण गोष्ट येथे संपत नाही. दोन्ही विद्यापीठे जगली, वाढली, नावारूपाला आली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस दोन्हीकडे जाऊन आले, आणि २०२५ मध्ये दोघांनीही सहाशेवे वर्ष साजरे केले. वेगळी झालेली भावंडे आजीच्या वर्षश्राद्धाला तरी एका पंगतीत बसतात, तसेच हे. तेव्हा वाटणी चुकली, असे आम्ही म्हणणार नाही. फ्लेमिश मुलाला त्याच्या गावात त्याच्या भाषेत विद्या मिळाली, हे मोठेच कार्य झाले. चुकले ते एवढेच की वाटणीची कुऱ्हाड पुस्तकांवरही पडली. माणसाला कोणत्या भाषेत शिकवावे याचा निवाडा करताना पुस्तकाला कोणाचे म्हणावे हा प्रश्न यावयास नको होता.

बाकावर बसल्या बसल्या आम्हांस ल्यूव्हेनचा आणखी एक विद्यार्थी आठवला. कामिल बुल्के हा फ्लेमिश मुलगा १९०९ साली जन्मला, ल्यूव्हेनला अभियांत्रिकी शिकला आणि फ्रेंचच्या वर्चस्वाविरुद्ध मातृभाषेच्या चळवळीत पडला. पुढे जेझुइट होऊन १९३५ साली तो भारतात आला. येथे सुशिक्षित लोक आपल्या भाषेविषयी लाज बाळगून इंग्रजीत बोलतात हे पाहून त्याला आपल्या गावची आठवण झाली असली पाहिजे. फादर बुल्के हिंदी शिकले, अलाहाबादला त्यांनी हिंदीतच प्रबंध लिहिला. तो 'रामकथा: उत्पत्ति और विकास' या नावाने १९५० साली प्रसिद्ध झाला. ते भारताचे नागरिक झाले, रांचीच्या महाविद्यालयात हिंदी व संस्कृतचे प्रमुख झाले. १९६८ साली, ज्या वर्षी ल्यूव्हेनमध्ये भाषेपायी सरकार पडले त्याच वर्षी, तेथला हा जुना चळवळ्या रांचीत बसून इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध करीत होता. तो कोश आमच्या घरात आहे. त्याची बांधणी सुटलेली आहे, इतका तो वापरला गेला आहे. मातृभाषेसाठी भांडलेला माणूस परक्याची भाषा आपली म्हणून उचलू शकतो. किंबहुना ज्याने आपल्या भाषेचा अपमान सोसलेला असतो, त्यालाच दुसऱ्याच्या भाषेचे दुःख लौकर कळते. तुळशीवृंदावनाचे आमचे ते वाक्य त्या बाकावर आम्हांस फार टोचले.

नातू धावत खाली आला. वरून कोठवर दिसते हे तो सांगू लागला. घाईत मराठी शब्द आठवेना, तेव्हा डच शब्द आला, तोही अडला तेव्हा फ्रेंच. त्याला मराठी बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही. आमच्या वाचनालयातील एकही पुस्तक तो आज वाचू शकणार नाही. हे दुःख आम्ही आजवर कोणापाशी बोललो नव्हतो. भाषांना कुंपण घालून ते कमी होणार नाही, एवढे मात्र त्या दिवशी उमगले.

परतीच्या गाडीत दिवे लागले होते. ब्रसेल्स जवळ आले आणि सूचना पुन्हा दोन भाषांत होऊ लागल्या; सकाळी न कळत उतरून गेलेली फ्रेंच पुन्हा येऊन बसली. त्या रात्री आम्ही वाचनालयाच्या चिटणिसांना पत्र लिहिले. हिंदी पुस्तकांच्या ठरावाला आमची संमती कळविली. मात्र मराठी खरेदीत एका रुपयाचीही काटछाट होऊ नये, लागणारी जादा रक्कम वर्गणी वाढवून उभी करावी, आणि पहिली वाढीव वर्गणी आमच्याकडून घ्यावी, असे लिहिले. त्याखाली एक उपसूचना जोडली. हिंदी पुस्तकांना वेगळे कपाट करू नये. दोन्ही भाषांची लिपी एक आहे, आद्याक्षरांचा क्रम एक आहे. तेव्हा लेखकाच्या नावाप्रमाणे सर्व पुस्तके एकाच फडताळात लावावीत. ज्याला जे हवे ते शोधताना शेजारचेही हाताला लागेल. आणि हिंदीतले पहिले पुस्तक फादर बुल्के यांची 'रामकथा' असावे.